नाशपातीला सांगायचं राहिलं

“तीनदा ठोक, मग सांग. आणि हलक्या हातानं नको, थेक्ले. थंडीत गाढ झोपलेली असतात ती.”

माझा भाऊ लाम्बेर्ट हे बोलला तेव्हा त्याचे दोन्ही हात पांघरुणावर होते. नखांतली माती मी नुकतीच कोमट पाण्यानं काढली होती. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता आणि तो अंथरुणातून उठणार नाही हे दोघांनाही कळून चुकलं होतं.

“एकालाही वगळू नकोस,” तो म्हणाला. “नाशपातीला शेवटी सांग. तिच्यापाशी घाई करू नकोस. शब्द दे.”

मी शब्द दिला.

आमच्या होल्टबेकमध्ये घरधनी गेला की झाडांना सांगतात. पूर्वी गुरांना आणि मधमाश्यांनाही सांगत. आता गुरं राहिली नाहीत. बोटांच्या सांध्यांनी खोडावर तीनदा ठोकायचं आणि म्हणायचं, धनी गेला, आता मी आहे. मरणानंतरचा पहिला सूर्य उगवायच्या आत हे झालं पाहिजे. ज्या झाडाला सांगितलं नाही ते वाळतं, असं जुनी माणसं म्हणतात. फादर ह्या गोष्टीला हसतात. पण त्यांच्या आई वारल्या त्या संध्याकाळी चर्चमागच्या अक्रोडापाशी ते एकटे उभे होते, हे मी पाहिलं आहे.

आमच्या घरामागच्या बागेत नऊ झाडं मोकळी उभी आहेत. चार सफरचंदं, दोन आलुबुखार, एक चेरी, एक बिही आणि वाटेच्या टोकाला अक्रोड. दहावी नाशपाती. ती धुणीघराच्या पलीकडच्या, दक्षिणेकडच्या भिंतीला पसरवलेली आहे, त्यामुळे स्वयंपाकघरातून दिसत नाही. लाम्बेर्टनं सतराव्या वर्षी बोटाएवढं रोप लावलं आणि साठ वर्षं तिला तारांवर चालायला शिकवलं. मधे सरळ खोड, डावीकडे पाच फांद्या, उजवीकडे पाच, सगळ्या दोरी लावल्यासारख्या आडव्या. तो त्यांना हात म्हणायचा. दहा हात. भिंतीवरची नाशपाती दरवर्षी छाटावी लागते. उन्हाळ्यात आलेला प्रत्येक कोंब दोन-तीन डोळे ठेवून मागे घ्यावा लागतो. नाहीतर दोन वर्षांत ती आपला आकार विसरते आणि पुन्हा नुसतं झाड होते.

तो संत व्हिन्सेंटच्या दिवशी, बावीस जानेवारीला सुरुवात करायचा आणि दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला, संपवायचा. दिवसाला एक हात. हे काम न्याहारीच्या आधी, उजाडायच्या आत, खिळ्याला कंदील टांगून व्हायचं. मोकळ्या झाडांना तो कात्री लावायचा, पण नाशपातीला कधीच नाही. तिच्यासाठी वाकड्या पात्याचा चाकू होता. मोठ्या जखमेवर पूर्वी शेणमातीचा, गाई गेल्यावर नुसत्या मातीचा लेप आणि त्यावर अंगठ्याचा एक दाब. त्याच्या उजव्या अंगठ्याचं टोक लहानपणीच बिटं कापायच्या यंत्रात गेलं होतं, त्यामुळे तो दाब आखूड आणि खोल उठायचा. तारांना फांद्या बांधायला वाळुंजाच्या भिजवलेल्या काड्या. दोन वेढे, आणि टोक खाली दाबून टाकलेलं.

त्या वेळात मी प्रार्थनेला बसलेली असायचे. मी सव्वीस वर्षांची असताना आई फार आजारी पडली होती. तेव्हा मी देवापुढे बोलले होते, ती उठली तर पहाटे जागं झाल्यापासून चर्चमधली सकाळची उपासना, मिस्सा, होईपर्यंत माणसाशी एक शब्द बोलणार नाही. आई उठली आणि आणखी अकरा वर्षं जगली. नेम चालू राहिला. त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. लाम्बेर्टनं कधी त्याबद्दल विचारलं नाही. सकाळी तोही माझ्याशी बोलेनासा झाला, एवढंच. मी मरियेच्या मूर्तीपुढे गुडघ्यावर, आणि धुणीघरामागून चाकूचा आवाज. टक्. मग थोडी शांतता. टक्. त्या घरात आम्ही एकमेकांशी सर्वांत जास्त बोललो असू, तर असेच बोललो.

तो गुरुवारी दुपारी चार वाजता गेला. शेजारच्या मेख्टिल्डनं आणि मी मिळून त्याला आंघोळ घातली, काळा कोट चढवला. त्याची काळ्या मण्यांची जपमाळ मी त्याच्या हातांभोवती गुंडाळली. मेख्टिल्ड पाणी ओतायला बाहेर गेली तेवढ्यात त्याचा चाकू मी कोटाच्या खिशात सरकवला. त्याच्याशिवाय तो कधी उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. हे मी कुणाला सांगितलं नाही.

मग कंदील घेऊन बागेत गेले. सफरचंदांना सांगितलं, आलुबुखारांना सांगितलं, चेरीला, बिहीला. साल ओली होती आणि बोटांना झोंबत होती. अक्रोडाचं सांगून झालं आणि सहाची घंटा झाली. जागच्या जागी उभी राहून घंटेची प्रार्थना म्हटली. तेवढ्यात मागच्या दारातून मेख्टिल्डची हाक आली. लोक जपमाळेला जमले होते.

मी आत गेले.

पहाटे जाग आली तेव्हा घरात शवपेटीजवळच्या मेणबत्त्यांचा वास भरला होता. मी खिडकीशी बसले आणि धुणीघराच्या छपरावर ऊन येईपर्यंत तिथंच बसून राहिले. बोलायचं नाही हा नेम आहे, मी मनाशी म्हणाले. देवाला दिलेला शब्द झाडाला दिलेल्या शब्दाहून मोठा. पुढं पापनिवेदनातही मी फादरांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, त्यात पाप नाही.

---

एकटं राहायची सवय होते असं सगळे सांगतात. मला कपाची सवय होत नव्हती. फडताळातून हात आपोआप दोन काढायचा आणि एक परत ठेवायचा. संध्याकाळी मी रेडिओ लावून बातम्या ऐकायचे, पण लाम्बेर्ट त्यांना शिव्या घालत नसल्यामुळे त्या फार लांबायच्या. त्या दिवसांत बागकाम मंडळाचे वीगर्स एकदा येऊन गेले. मेणबत्त्यांच्या सणानंतर सगळी छाटणी मी करून देतो, थेक्लाबाई, तुम्ही काळजी करू नका, असं म्हणाले. साठीचा, गोल चेहऱ्याचा, मनानं चांगला माणूस.

बावीस जानेवारीला गुरुवार होता. मी गुडघ्यावर होते. जपमाळेचं दुसरं दशक, दुसरे दहा मणी, चालू होतं. धुणीघरामागे टक् असा आवाज झाला.

पन्हळीतून पाणी ठिबकत असेल, असं वाटलं. बाहेर मात्र सगळं कडक गोठलेलं होतं.

मिस्साहून परत आले तर मागच्या दाराशी काटक्यांची एक मोळी ठेवलेली होती. सगळ्या वीतभर लांबीच्या, एका बाजूला तोंडं केलेल्या, वाळुंजाच्या ओल्या काडीनं बांधलेल्या. चुलीसाठी लाम्बेर्ट अशीच मोळी ठेवायचा. वीगर्स लवकर आले वाटतं, मी मनाशी म्हणाले, आणि मोळी आत घेतली.

शुक्रवारी पुन्हा आवाज झाला. पुन्हा मोळी आली.

शनिवारी मिस्सानंतर मी धुणीघराला वळसा घालून गेले. तळचा डावा हात झाला होता, तळचा उजवा झाला होता आणि त्यांच्या वरचा डावा. बाकीच्या सात हातांवर उन्हाळ्याचे कोंब तसेच ताठ उभे होते. भिंतीजवळ कसलासा ओळखीचा वास होता. तो शेणाचा आहे हे कळायला मला वेळ लागला. आमच्या गल्लीतली शेवटची गाय जाऊन तीस वर्षं झाली.

मागून पावलं वाजली. वीगर्स होते.

“कुणाला आणलंत, थेक्लाबाई? मला सांगायचं तरी. मी तिकडं हे काम माझ्याकडं आहे म्हणून मिशा पिळत बसलोय.”

“मला वाटलं तुम्हीच येऊन गेलात.”

“मी? माझी कात्री अजून धारेला दिली आहे.” ते वाकले आणि चष्मा कपाळावर सारून पाहू लागले. “कात्रीचं काम नाहीच हे. चाकू आहे. हे बघा, डोळ्याच्या मागून वर, एका ओढीत. कसं गुळगुळीत. मंडळात आम्ही चाळीस जण आहोत, त्यातल्या एकाला हे जमायचं नाही.”

“लाम्बेर्टनं कुणाला शिकवलं असेल.”

“लाम्बेर्ट आणि शिकवणार? बत्तीस वर्षांत त्यानं मला एकच धडा दिला. बाजूला हो, उजेड अडवतोस.”

ते हसले. मग त्यांनी एका कापावर नख दाबलं आणि हसणं थांबलं. नख ओलं झालं होतं.

“आज सकाळचा आहे,” ते म्हणाले.

त्यांनी नख विजारीला पुसलं.

“त्याचा तो चाकू कुठं आहे? आठवण म्हणून मला द्याल का?”

“तो घेऊन गेला,” मी म्हणाले.

वीगर्सनी टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली. “बरं केलंत,” ते म्हणाले आणि बागेच्या फाटकाकडे निघाले. नेहमी ते वाटेतल्या प्रत्येक झाडापाशी थांबतात. त्या दिवशी थांबले नाहीत.

रविवारी आवाज आला नाही. लाम्बेर्टनं रविवारी कधी चाकू उघडला नव्हता. मी कान देऊन बसले होते. माळ हातात तशीच राहिली आणि दशक कुठं चुकलं ते कळलं नाही. तो रविवार फार मोठा होता. तेव्हा मला माझ्याबद्दल एक गोष्ट कळली, आणि ती इथं लिहायला हवी. मला भीती वाटत नव्हती. मी सोमवारची वाट पाहत होते.

सोमवारी टक् आवाज झाला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बघायला जायचं मनातही आणलं नाही. त्या वेळात मी मूर्तीपुढून उठत नाही, आणि तोही मी यावं अशी अपेक्षा करत नसे. मिस्साहून आल्यावर मी दोन कप काढले आणि दोन्ही भरले. एक माझ्यासमोर, एक खिडकीच्या बाजूला. संध्याकाळी खिडकीकडचा मोरीत ओतला.

बुधवारी मेख्टिल्ड अंडी घेऊन आली. तिला ब्याऐंशी वर्षं झाली आहेत, आणि तिच्या डोळ्यांतून काही सुटत नाही.

“दोन कप? काय गं थेक्ले, ह्या वयात कुणी दाढीवाला ठेवलास की काय?”

“सवय आहे.”

“सवयीचा कप रिकामा असतो. ह्यातून वाफ येते आहे.” ती खुर्चीवर बसली, माझ्या बाजूच्या. खिडकीकडची ओढली नाही. “चेहरा बरा दिसतो आहे तुझा. नाताळात पार सुकली होतीस. मी म्हटलं, ही वसंत बघत नाही.”

“देवाची कृपा.”

“असेल. अर्धा दिवस त्याच्याशी बोलतेस तू, उरलेला अर्धा त्या झाडांशी. आम्हा माणसांना रांगेत कुठं उभं करतेस ते सांग, म्हणजे मी स्टूल घेऊन येईन.”

मी हसले. कितीतरी दिवसांनी हसले. ती गेल्यावर नाशपातीपाशी गेले. सहा हात झाले होते. तिसऱ्या उजव्या हातावर एक जाड कोंब काढलेला होता आणि जखमेवर लेप होता. लेपात अंगठ्याचा ठसा, आखूड आणि खोल. त्यात कातडीच्या बारीक रेघा दिसत होत्या. मी माझा अंगठा त्यात ठेवला. लेप अजून मऊ होता.

गुरुवारचा हात मला थोडा वेगळा वाटला.

काप गुळगुळीत नव्हते. पातं लाकडात अडलं होतं आणि पुन्हा ओढलं होतं, एकाच जागी दोनदा, तीनदा. वाळुंजाचा वेढा एकच होता आणि टोक मोकळं लोंबत होतं. चाकूला धार नसेल, मी म्हणाले. जमिनीखाली ओल असतेच. मग आपण काय म्हणालो ते माझ्या लक्षात आलं, आणि मी घाईनं घरात आले.

शुक्रवारी आवाज टक् असा नव्हता. करकर असा होता, लांब, मधे थांबत. एक कोंब तुटेपर्यंत माझी अख्खी प्रार्थना म्हणून व्हायची. मोळीतल्या काटक्या लहानमोठ्या होत्या, तोंडं इकडंतिकडं. एका डोळ्याच्या अगदी मधून काप गेला होता. लाम्बेर्टनं असं केलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

शनिवारी वीगर्स पुन्हा आले. मी बोलावलं नव्हतं. ते भिंतीपाशी गेले आणि बराच वेळ आले नाहीत, म्हणून मीही गेले.

“मला झोप लागेना,” ते म्हणाले. माझ्याकडे न पाहता त्यांनी तळच्या हातापासून वरपर्यंत बोट फिरवलं. “माणूस एकच आहे. ओढायची पद्धत तीच. इथं ताजातवाना आहे, इथंही. इथून बघा कसा होत गेला. आता त्याच्यात ताकद नाही. त्याला दिसतही नसावं.” मग म्हणाले, “थेक्लाबाई, कोण असेल ते असो, त्याला सांगा, पुरे आता. इतक्या दमलेल्या हाताकडून काम करून घेऊ नये.”

ते गेल्यावर मी नवव्या हातावरचा लेप पाहिला. त्यातही ठसा होता. आखूड, खोल. पण रेघा नव्हत्या. आतून गुळगुळीत होता, एखादं टणक, बारीक टोक दाबावं तसा. मी माझा अंगठा ठेवून पाहिला. तो मावला नाही.

---

दुसऱ्या दिवशी रविवार होता.

मी गुडघ्यावर होते, आणि धुणीघरामागे करकर सुरू झाली.

सत्त्याहत्तर वर्षांत त्यानं रविवार मोडला नव्हता. गवत वाळलेलं आणि पाऊस तोंडावर आलेला असतानाही नाही. मी माळ खाली ठेवली आणि ऐकत राहिले. तो जिथून येत होता तिथं आता वार नव्हते, हे मला समजलं. रविवार कधी हे त्याला सांगणारं तिथं कुणी नव्हतं. त्याला फक्त एवढंच ठाऊक होतं की नाशपाती वाट पाहते आहे.

मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर मी मेख्टिल्डचा हात धरला.

“एखाद्या झाडाला सांगायचं राहिलं तर?”

“वाळतं.”

“आणि वाळलं नाही तर?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. थट्टा करायची असली की तिचे ओठ आधी हलतात. ते हलले नाहीत.

“माझ्या आईचं एक राहिलं होतं,” ती म्हणाली. “चेरी. तीन आठवड्यांनी सांगितलं तिनं. उशिरा सांगितलं तरी ऐकतात म्हणाली. पण पहाटे, उजाडायच्या आत. आणि सबबी सांगायच्या नाहीत. सरळ सांगायचं आणि उभं राहायचं.”

“तीन आठवडे काय झालं होतं?”

“ते तिनं कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. नंतर तिनं वडिलांचे बूट जाळून टाकले, एवढं आठवतं. चांगले होते.” मग तिचा आवाज खाली आला. “नाशपाती राहिली ना? त्या संध्याकाळी मीच तुला आत हाक मारली. माझं चुकलं गं.”

“नाही,” मी म्हणाले. “तुझं काही चुकलं नाही.”

घरी येऊन मी कोट न काढताच बसले. माझं व्रत माणसाशी न बोलण्याचं आहे. नाशपाती माणूस नाही. त्या पहाटे खिडकीशी बसले होते तेव्हाही मला हे ठाऊक होतं. पंचेचाळीस वर्षं सकाळी मी कोंबड्यांशी बोलले, मांजराशी बोलले, आणि त्याच एका सकाळी मला वाटावं की तोंड उघडलं तर देव रागावेल?

नऊ झाडांना सांगताना तो नऊदा गेला होता. एका तरी ठिकाणी तो अजून असावा, एवढंच मला हवं होतं. कुठं तरी त्याची वाट पाहणारं कुणी असावं. मग तिथं तो येईल की काय, असा विचार मी केला नव्हता. निदान तसं मी स्वतःला म्हणत आले.

दहा हात पूर्ण झाले होते. दुसऱ्या दिवशी मेणबत्त्यांचा सण. दरवर्षी त्या दिवशी तो आत यायचा, मोरीवर हात धुवायचा आणि म्हणायचा, “झालं एकदाचं.” मी धिरडी घातलेली असायची आणि बरणीतल्या नाशपातीच्या फोडी गरम केलेल्या असायच्या. मला वाटलं, उद्या तो आपणहून थांबेल. काम संपलं आहे. मला काही करावंच लागणार नाही.

हे मी रात्री झोपताना मनाशी म्हणाले, आणि झोपही लागली.

---

सोमवारी पहाटे मी मूर्तीपुढे बसले. चर्चमध्ये आशीर्वाद घ्यायला न्यायची मेणबत्ती टेबलावर काढून ठेवली होती. पहिलं दशक झालं. काही आवाज नव्हता.

दुसऱ्या दशकात करकर सुरू झाली.

कापायला काही उरलं नव्हतं.

आवाज बारीक कोंबाचा नव्हता. जाड, जुन्या लाकडावर बोथट पातं पुढंमागं होत होतं. मधे थांबायचं. पुन्हा व्हायचं. थांबण्यात एक दम खाल्ल्यासारखी लय होती, पण श्वासाचा आवाज नव्हता.

मी उठले. प्रार्थनेच्या मधे उठायची ती पहिलीच वेळ.

मागचं दार उघडलं. मोळी आधीच उंबऱ्याशी होती. त्यात काटक्या नव्हत्या. फळं धरणारे गाठाळ खुंट होते, पन्नास-पन्नास वर्षांचे, फुगलेल्या कळ्यांसकट. पोर फांदीला हात लावायला गेलं तर ज्यांच्यासाठी तो ओरडायचा, ते. मोळी वाळुंजानं बांधलेली नव्हती. त्याच्याकडच्या काड्या संपल्या असाव्यात.

ती जपमाळेनं बांधली होती. काळ्या मण्यांच्या. दोन वेढे, आणि क्रूस खाली दाबून टाकलेला.

मी उंबऱ्यावर बसून ती सोडवली. मण्यांमध्ये माती घट्ट बसली होती. त्यामुळे वेळ लागला. माळ मी एप्रनला पुसली आणि खिशात ठेवली. शाल घेतली. कंदील घेतला नाही. आभाळ राखाडी व्हायला लागलं होतं आणि सूर्याला अजून अर्धा तास होता.

वाटेवरचं गवत गोठलं होतं, पावलाखाली मोडत होतं. सफरचंदांपाशी गेले, बिहीपाशी गेले. ती सगळी शांत होती. त्यांना ठाऊक होतं. धुणीघराच्या कोपऱ्याशी शेणमातीचा वास आला, आणि त्याखाली दुसरा, ओल्या, खोल खणलेल्या जमिनीचा.

सरळ सांगायचं आणि उभं राहायचं. धनी गेला. आता मी आहे.

माझी पावलं वाजली असावीत. करकर थांबली.

लाम्बेर्ट कामात असताना मी काही सांगायला गेले की असाच थांबायचा. मान वळवायचा नाही. चाकू फांदीवर तसाच धरून ठेवायचा, आणि मी काय म्हणते त्याची वाट पाहायचा.

पंचेचाळीस वर्षांत माझं व्रत एकदाही मोडलं नव्हतं. त्या पहाटे ते मोडलं की नाही, हे मी अजून फादरांना विचारलेलं नाही.

तीनदा ठोकायला मी उजव्या हाताची मूठ वळली आणि कोपऱ्यावरून पुढं झाले.